दहापैकी तीन

बायकोचा खुब्याचा सांधा बदलला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं तमिळमध्ये विचारलं, अम्मा, दहापैकी किती दुखतंय? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जन्मात सोसलेलं सगळ्यांत वाईट. हिनं जरा विचार केला नि म्हणाली, तीन.

तीनला नुसती गोळी मिळते, इंजेक्शन सातच्या पुढं. मी बघत होतो ना, कपाळावर घाम, चादर मुठीत आवळलेली, आणि तोंडानं तीन. पन्नास वर्षं ही बाई माझं डोकं अशीच फिरवते.

डॉक्टर बजावून गेले होते, दोन-तीन दिवसांत पावलं टाकली नाहीत तर पाय आखडेल, मग चालणं विसरा. व्यायाम करून घेणारी मुलगी वॉकर घेऊन आली. हिनं पाय टेकला नि पांढरीफटक पडली. दुपारी पुन्हा तेच. नर्सनं विचारलं, पुन्हा तीनच. तीनच असेल तर चालायला काय होतं, असं ती मुलगी पुटपुटली, तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. दोघी गेल्यावर मी हिच्यावर खेकसलो. खोटं कशाला सांगतेस? नऊ म्हण, दहा म्हण, तुझ्या बापाचं काय जातं?

"खोटं नाही हो," ही म्हणाली. "तिरुवैयारूहून आपण दोघंच बसनं परत आलो, तो दिवस दहा. त्याच्यापुढं हे तीनच."

तिरुवैयारू हिचं माहेर. तिथंच आमची चार वर्षांची लेक तापानं गेली. जाताना तिघं होतो. परतताना तंजावूर येईपर्यंत ही लेकीचा टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती. त्यानंतर चाळीसेक वर्षांत हिनं लेकीचं नावसुद्धा काढलं नाही, आणि मला वाटायचं, ही विसरली, मी एकटाच कुढतोय. कसला गाढव मी. तिथंच स्टुलावर बसून रडलो. नर्स येईल, तोंड पुसा, असं हीच मला म्हणाली.

संध्याकाळी नर्स आली. हिनं तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, आठ. इंजेक्शन मिळालं. तासाभरानं ही वॉकर धरून उभी राहिली आणि एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेली. तिथं थांबून दम घेतला.

"अहो, दहा नाही ना सांगितलंत?"

"नाही गं," मी म्हणालो. "आठच सांगितलं."