पंच बसल्याशिवाय

आमच्या गावात लग्न असो, साखरपुडा असो की बारसं, गावकीचा पंच पानावर बसल्याशिवाय पंगत बसत नाही. मी या गावात सून म्हणून आले तेव्हा पंच म्हणजे एक थकलेले आजोबा होते. ते सगळ्यांच्या आधी हजर असत, कारण त्यांना भूक आवरत नसे. त्यांच्यानंतर भाऊ आले आणि गावाचं जेवण उशिरा व्हायला लागलं.

भाऊ म्हणजे गावकीचे आताचे पंच. मुंबईच्या लोकांना फार्महाऊससाठी जमिनी दाखवणं हा त्यांचा धंदा. माणूस वाईट म्हणावा तर पंचाईत होते. गावात कुणी गेलं की लाकडं घेऊन पहिला टेंपो त्यांचाच. माझ्या नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा त्यांच्याच गाडीतून आम्ही पनवेलला गेलो. केलेलं काम ते कधी बोलून दाखवत नाहीत आणि कधी विसरूही देत नाहीत, नुसते दारावरून जाताना विचारतात, "पाय बरा हाय ना?" झालं. त्या पायावर उभा राहून माझा नवरा भाऊंच्या विरुद्ध बोलेल कसा?

भाऊ कुणाला नाही म्हणत नाहीत. "बघू" म्हणतात. दोन भावांत बांधावरून जुंपली की दोघांना वेगवेगळं बोलावून "तुझाच बरोबर हाय" असं सांगतात, मग दोघंही वर्षभर त्यांच्या ओटीवर चकरा मारत बसतात. हे सगळं मी बघत होते आणि गप्प होते, कारण सगळेच गप्प होते.

एकदा शेजारच्या लग्नात पंगत खोळंबली, म्हणून बायकांनी मला त्यांना बोलवायला पाठवलं. मला वाटलं, काही अडचण असेल. भाऊ इस्त्रीचे पांढरे कपडे घालून खुर्चीत बसले होते. टीव्ही चालू होता. हातात चहा.

"भाऊ, लोकं थांबलीत," मी म्हटलं.

"थांबू द्या ओ, वयनी. कुनी मरत नाय."

आणि त्यांनी आणखी अर्धा कप चहा मागवला. त्या क्षणी माझं डोकं असं सणकलं की काय सांगू! लहान पोरं भुकेनं रडतायत, आणि हा माणूस तयार होऊन, नुसता उशीर व्हावा म्हणून बसलाय. पंगत जेवढी थांबेल तेवढा हा मोठा होतो, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डाची जागा बाईसाठी राखीव झाली आणि भाऊंनी आपल्या भावजयीचं नाव पुढे केलं. आमच्याकडे निवडणूक बिनविरोधच होते. भाऊ नाव सांगतात, गाव मान डोलावतं, गुलाल उधळला जातो. मी कर्जतला जाऊन अर्ज भरून आले. नवरा त्या रात्री दोन घास कमी जेवला. भाऊ मात्र दुसऱ्याच दिवशी घरी आले. हसत हसत म्हणाले, "वयनी, तुमच्यासारकी हुशार बाई गावात नाय. म्हनून सांगतो, मागं घ्या. पुडच्या येळी तुमचाच नाव." मी म्हटलं, "बघू."

अर्ज मागे घ्यायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी माझ्या मुलीचा साखरपुडा होता. तारीख आधीच ठरलेली. मुलाकडची मंडळी खालापूरहून आली, ओट्या भरल्या, अंगठ्या झाल्या, फोटो झाले. मंडपात पत्रावळी मांडल्या. भात, वालाची भाजी, वरण, बुंदी, सगळं तयार. आणि भाऊंचा पत्ता नाही.

पाहुणे पानांकडे बघत उभे. गाव उभं. खालापूरकडेही हीच रीत, त्यामुळे त्यांना सांगायची गरज नव्हती. गावकीचा पंच येत नाही म्हणजे या घराचं गावाशी बिनसलंय, आणि गावाशी बिनसलेल्या घरातली मुलगी कोण करतो? मुलाचा काका माझ्या नवऱ्याला म्हणालाच, "गावकीचा काय लफडा हाय काय? आमाला आदी सांगायचा ना." नवरा घाम पुसत राहिला. माझी मुलगी नव्या साडीत आतल्या दारात उभी होती. एका बाईनं पुढारपण करायचं आणि तिच्या पोरीनं ते भोगायचं, हाच भाऊंचा डाव होता.

तेवढ्यात भाऊंचा माणूस मोटारसायकलवरून आला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "भाऊ निगालेच हायत. उद्या कर्जतला जाताय ना, येवडाच इचारलाय."

नवऱ्यानं ऐकलं. "जाऊ दे गं," तो म्हणाला. "पोरीचा बग. घे मागं."

खरं सांगते, हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. मुलीपुढे पंचायतीची काय किंमत! पण मग वाटलं, आज साखरपुड्याला हो म्हटलं की लग्नाला पुन्हा विचारतील, बाळंतपणाला विचारतील, आणि मी मेल्यावर माझ्या तेराव्यालाही हा माणूस चहा पीत बसेल.

मी मंडपात गेले. पंचाचं पान वरच्या टोकाला, पाटासकट. त्यावर मी बसले. मुलीची आई! जिनं सगळ्यांचं उरकल्यावर, उरलंसुरलं जेवायचं, ती. वाढप्याला म्हटलं, "वाढ रं."

तो बघतच राहिला. मी ओरडले तेव्हा त्यानं भात वाढला. मी कालवला आणि खाल्ला. मंडपात एक माणूस हलेना. वालाची भाजी चांगली झाली होती, पण मला घास गिळवत नव्हता. तरी गिळला. दुसरा घेतला. डोळ्यांत पाणी येत होतं, ते मी गालावर येऊ दिलं नाही.

मग मुलाची आई पुढे आली. तिच्याशी माझी धड ओळखही नव्हती. ती पदर खोचून माझ्या शेजारच्या पानावर बसली.

"मला पन वाढा," ती म्हणाली. "सकाळपासून चायवर हाय मी."

तिच्यामागून तिच्या जावा बसल्या. मुलाचा काका इकडेतिकडे बघून बसला. मग आमच्या गावच्या बायका, मग पुरुष. काही जण न जेवता घरी गेले, त्यांचीही मला ओळख पटली.

पंगत अर्ध्यावर आली आणि भाऊंची गाडी थांबली. एरवी त्यांना बघून सगळं गाव उठतं. पण भरल्या पानावरून उठणं म्हणजे अन्नाचा अपमान, हेही आमच्याकडे गावकीनंच शिकवलेलं. अर्धे लोक उठायच्या बेतात आले आणि पुन्हा टेकले. सगळ्यांचे हात खरकटे, माना खाली.

मी पानावरूनच म्हटलं, "या भाऊ. दुसरी पंगत बसंल आता. तवर थांबा."

भाऊ हुशार माणूस. हसले, खुर्ची मागवून बसले. आम्ही सावकाश जेवलो. बुंदी दोनदा फिरवायला सांगितली मी.

अर्ज मागे घेतला नाही. निवडणुकीत पडले. भावजय निवडून आली, गुलाल उधळला गेला, आणि माझा नवरा दोन महिने माझ्याशी धड बोलला नाही. पण आमच्या वॉर्डात मतदान झालं, आणि मला पडलेली मतं कुणाची म्हणून भाऊ अजून चेहरे न्याहाळत फिरतात. पुढच्या वेळी मी पुन्हा उभी राहणार आहे.

त्यानंतर वरच्या आळीत एक बारसं झालं. मी पोचले तेव्हा मंडपात भाऊ एकटेच बसले होते. भात अजून शिजायचा होता.