दूध बाधलं म्हणे

माझ्या मुलीची उष्टावण झाली आणि त्या दिवसापासून सासू माझ्या दुधाच्या मागे लागली. तोवर सहा महिने त्याच दुधाचं तिला केवढं कौतुक! "खा गो, दूद येवक व्हया," म्हणत ताटावरून उठू द्यायची नाही. आणि माझ्या भावाने वाटीतली खीर भाचीच्या ओठाला लावली मात्र, दुसऱ्या दिवशी सकाळीच हिचं सुरू झालं. "आता पेज खाता, मगे अंगार कित्याक पाजतंस?"

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी मला बजावलं होतं. वरचं खाणं सुरू करायचं, पण अंगावरचं तोडायचं नाही. दोन वर्षांची होईपर्यंत दोन्ही चालू द्यायचं. मी तसं सासूला सांगितलं तर म्हणाली, "त्या नर्सबायक पोरां किती? माका चार." झालं, विषय संपला.

माझा नवरा मुंबईला नोकरीला. मालवणजवळच्या त्या घरात आम्ही तिघीच. मी पोरीला घेऊन बसले की सासू खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, डोकावून जायची. मी कामं टाळायला पाजत बसते, असं तिचं मत. शेजारणीला ऐकवायचीसुद्धा, "आमच्या सुनेचा बसना मोठा कामाचा!" मी ऐकून घ्यायची. खोटं कशाला बोलू, आवडायचं मला ते बसणं. पेजेचे चार घास खाऊन झाले की पोर माझ्याकडे झेपावायची, पिता पिता माझ्या मंगळसूत्राशी खेळायची आणि मधेच तोंड सोडून माझ्याकडे बघून हसायची. लग्न होऊन बांद्याहून आल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणाला तरी मी इतकी हवी होते.

भरवण्यावरून तर आमचं रोजच वाजायचं. मी वाटी-चमचा उकळून घ्यायची. सासू तो चमचा बाजूला सारायची आणि पेजेतला भात बोटाने कुस्करून पोरीच्या तोंडात घालायची. "चमच्याक काय चव? बोटान भरवलां काय पोरांच्या अंगाक लागता." पोर तिचं बोट मिटक्या मारत चोखायची.

चैत्र लागला. आमच्याकडे तेव्हा ओल्या काजूगरांचे दिवस. सासू सकाळी उठून बिया चिरायला बसायची, गर काढायची आणि वाटे करून बाजारात पाठवायची. मला मात्र तिने बियांना हात लावू दिला नाही. "तुजे हात पोराक लागतत. तो चीक वायट, कातडी जाळता," म्हणाली. मला बरं वाटलं होतं ते ऐकून. म्हटलं, चला, एवढी तरी काळजी आहे.

आणि एके दिवशी दुपारी पोरीच्या ओठांवर फोड आले. हनुवटी लाल, ओठांच्या कडा सोलल्यासारख्या. घेतलं तर पिईना. ओढायची, किंचाळायची, तोंड फिरवायची, पुन्हा भुकेने झेपावायची. सासूने एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि निकाल देऊन टाकला, "दूद बाधलां. काल आंबे खाल्लंस मगे? दूद तापलां तुजा."

खाल्ले होते. दोन आंबे, हापूसच, मोसमातले पहिले. जीव झाला होता म्हणून खाल्ले. आणि इथे मी जन्माची चूक केली. मी तिचं म्हणणं खरं मानलं. बी.कॉम. झालेली मी, दोन आंब्यांपायी माझ्या अंगात विष तयार झालं असं मानून बसले! नर्सबाईंकडे जाते म्हटलं तर, "फोडांका कसलो डाक्टर?" नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "आईने चौघांना वाढवलंय. ती सांगते तसं कर." जेवणाची सुट्टी होती त्याची, घाईत होता.

सासूनेच मोगऱ्याच्या कळ्या खुडून आणल्या. कळ्या छातीवर बांधल्या की दूध आटतं, म्हणे. फडक्यात घालून तिने त्या माझ्या अंगावर घट्ट बांधल्या, हळुवार हाताने, उगाच खोटं का बोलू. दुसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली आणि ताप भरला. पोर बाहेर खळ्यात रडत होती आणि मी न्हाणीत बसून मोरीत दूध पिळून टाकत होते. तिचा आवाज आला की दूध आपोआप वाहायचं. एकीकडे पोर भुकेली आणि एकीकडे हे मोरीतून वाहून चाललेलं. आग लागो त्या मोगऱ्याला! आजही कुणी गजरा पुढे केला तर मी नको म्हणते.

आठ-दहा दिवसांत दूध आटलं. पोरीचे फोडही गेले. सासू जिंकली. "बग, सांगलंय मा तुका?" मी मान हलवली. मधे तीन-चार दिवस ती लेकीकडे गेली होती, तेव्हा मीच चमच्याने भरवत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

ते "बग" ती लेकीकडून परत आल्या दिवशीच म्हणाली होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी पोरीचे ओठ पुन्हा फोडांनी भरले.

आता कुठलं दूध? कुठले आंबे? मी पोरीला कडेवर घेऊन तशीच उभी राहिले. सासू खाली बसून उरलेली पेज निपटत होती, आणि मी तिची बोटं पाहिली. नखांपर्यंत काळी, टोकाला साल निघालेली. सकाळभर काजू चिरले होते तिने. राखेने हात चोळले, की झाले तिचे हात स्वच्छ. चाळीस वर्षं चीक लागून लागून त्या बोटांना काही कळेनासंच झालं होतं. सुनेचे हात पोरीला लागतात हे जिला सुचलं, तिला स्वतःचं बोट पोरीच्या तोंडात जातं हे सुचलं नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "आई, तुमचे हात बघा! चीक आहे तो! माझं दूध नव्हतं बाधलं!" मी एवढी ओरडले की शेजारीण कुंपणाशी आली. सासूने हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, "मी काय मुद्दाम केलंय?" आणि उठून भांडी उचलायला लागली. नाहीच केलं मुद्दाम. तेच तर दुखतं. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

त्याच संध्याकाळी नर्सबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, पुन्हा लावून बघा, कधी कधी येतं परत. मी दिवसातून दहादा लावलं. पहिल्यांदा पोरीने तोंडात घेतलं, ओढलं, आणि काही येत नाही म्हटल्यावर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मी ब्लाउजच्या हुकाला हात लावला की ती दोन्ही हातांनी मला ढकलायला लागली. मग मी सोडून दिलं.

आता पोर चार वर्षांची आहे आणि मला पुन्हा दिवस गेलेत. परवा उपकेंद्राच्या आशाताई नोंद करायला आल्या, पहिल्या मुलीची माहिती विचारू लागल्या. "अंगावर किती महिने पाजलं?" मी तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, "आठ महिने. मगे चेडवानच सोडल्यान, आपसूक."

आशाताईंनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "हो का हो, स्वतःच सोडलं तिने?"

सासू माझ्याकडे बघत नव्हती. नातीच्या केसांची वेणी घालत होती, आणि पोर तिच्या मांडीत आरामात बसून आमचं बोलणं ऐकत होती.

मी म्हटलं, "हो, तिनेच सोडलं." आणि माझ्या पोरीवर, तिच्या देखत, खोटा आळ घेतला.