सेक्रेटरी मी, पण बेल सरांची

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक मोडकी खुर्ची, दोन कूलर आणि एक पाय नसलेला पलंग पडलाय. कुणाचं सामान विचारलं तर कुणाचंच नाही, आणि टाकून द्यायला निघालं की चार मालक उभे राहतात. आमच्या सोसायटीतले किस्सेही असेच साठत गेलेत. इंदिरानगरात चोवीस फ्लॅटची इमारत, अकरा वर्षं सेक्रेटरी मी, म्हणजे माझ्याकडे जरा जास्तच. यातल्या बऱ्याच किस्स्यांत मी काही फार चांगला दिसत नाही. तरी सांगतो, कारण मी नाही सांगितले तर मंगल सांगेल. मंगल म्हणजे माझी बायको, आणि ती सांगते तेव्हा मी आणखी वाईट दिसतो.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. समोरच्या फ्लॅटमधल्या गांगुर्डे सरांवर मी जळतो. मनापासून जळतो.

*

सेक्रेटरीला पगार नसतो. मिळते ती फक्त बेल. सकाळी सातला सुरू व्हायची. आहेर भाऊ, पाणी आलं नाही. आहेर भाऊ, आमच्या जागेवर कुणीतरी गाडी लावलीय. मी कपाळाला हात लावायचो, चहा अर्धा सोडून उठायचो, आणि जिना उतरताना आतून असं बरं वाटायचं की विचारू नका. सातपूरच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होतो. लोकांनी केलेला माल तपासायचा आणि खराब निघाला की परत पाठवायचा. तिथे माझ्या टेबलाकडे कुणी खुशीने येत नसे. इथे लोक स्वतःहून येत होते.

मग गांगुर्डे सर राहायला आले. निफाडकडच्या शाळेतून रिटायर, माणूस एकटा, मुलगी पुण्यात. पहिल्याच दिवशी माझ्याकडे येऊन त्यांनी ओला कचरा कुठे आणि सुका कुठे ते विचारलं. सेक्रेटरी झाल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी खूश झालो. घरात येऊन मंगलला म्हणालो, माणूस कामाचा दिसतोय. तो माझा शेवटचा आनंद.

*

लिफ्टमधला पंखा वर्षभर खडखडत होता. मी लिफ्टच्या कंपनीला चार पत्रं लिहिली होती आणि चारही पत्रांच्या झेरॉक्स फाइलला लावल्या होत्या. मीटिंगमध्ये विषय निघाला की फाइल उघडून दाखवायचो. लोक माना डोलवायचे.

एका रविवारी सर स्टूल घेऊन लिफ्टमध्ये शिरले, शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडले आणि बाहेर आले. पंखा गप्प झाला. त्यानंतर आठवडाभर लिफ्टमध्ये जो भेटेल तो वर बघून म्हणायचा, किती शांत वाटतं ना आता. मी पण वर बघायचो.

शेवटी मी कंपनीला पाचवं पत्र लिहिलं की बाहेरच्या माणसाने पंख्याला हात लावला आहे, याची नोंद घ्यावी. त्या पत्राला मात्र चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी सरांचे आभार मानले होते.

*

मी गेटजवळ सोनचाफा लावला होता. सात वर्षं झाली, पानं भरपूर, फूल एक नाही. सरांनी कंपाउंडच्या भिंतीलगत गावाकडून आणलेली द्राक्षाची एक काडी रोवली. म्हणालो, करू दे. सिमेंटच्या फटीत द्राक्ष कुठे येतंय.

आलं. पार्किंगच्या पाइपावरून वेल असा चढला की खाली स्कूटर लावायला भांडणं सुरू झाली. सर ऑक्टोबरात कात्री घेऊन छाटणी करायचे आणि सगळ्या बायका खुर्च्या टाकून बघायच्या. दुसऱ्या वर्षी घड लागले. मग मी रीतसर नोटीस तयार केली. सामाईक जागेत खासगी लागवड करता येत नाही, उपविधीचा नंबर घालून. नोटीस घेऊन खाली गेलो तर सर घड काढत होते. म्हणाले, "बरं झालं आलात. पहिला घड सेक्रेटरींचा."

नोटीस खिशात ठेवली आणि घड घेऊन घरी आलो. इन्स्पेक्शनच्या नोकरीत मी खराब माल कधी पास केला नाही आणि चांगला माल कधी परत पाठवला नाही. पण त्या दिवशी चार मणी खाल्ले आणि मंगलला सांगितलं, आंबट आहेत.

ती म्हणाली, "मला सकाळीच दिलेत त्यांनी. साखर आहे नुसती."

*

हा किस्सा लहान आहे. आमच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. मी करतो म्हणालो होतो. चार महिने म्हणत होतो. एकदा बँकेतून परत आलो तर नळ ठिबकत नव्हता. ओट्यावर दोन चहाचे कप उपडे घातलेले होते.

*

बुद्धपौर्णिमेला सरांनी खीर केली आणि सोसायटीला बोलावलं. माझ्या रिटायरमेंटच्या चहाला, मी नोटीस बोर्डावर लावूनही, नऊ जण आले होते. खिरीला अख्खी बिल्डिंग. जी माणसं मीटिंगला बोलावलं की गावाला जातात ती माणसं जिन्यात वाट्या घेऊन उभी होती. मी जाणार नव्हतो. पण समोरचंच दार. गेलो, दोन वाट्या खाल्ल्या, आणि चपलांचे स्टँडबाहेर ढीग पडलेत म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. सर उठले आणि स्वतः चपला लावायला लागले. लगेच सहा जण मदतीला धावले. मला कुणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

*

आता कांद्याचं. हे सांगताना मला अजून लाज वाटते.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात सोसायटीचा कांदा येतो. एप्रिलच्या शेवटी मी लासलगावकडे जायचो, उन्हाळ कांदा बघून घ्यायचो आणि टेम्पो आणायचो. पंपाच्या खोलीशेजारी लाकडी पट्ट्यांची एक छोटी चाळ केलीय, तिच्यात पसरून ठेवायचा. दिवाळीपर्यंत सगळ्या घरांचं भागतं. अकरा वर्षं हे काम माझं.

त्या वर्षी फेब्रुवारीत कुणीतरी म्हणालं, सरांचे भाचे कांदा लावतात, यंदा त्यांच्याकडूनच आणू या का? सर म्हणाले, नको, आहेर भाऊंचं काम आहे ते. पण माझ्या डोक्यात किडा शिरला. सरांच्या आधी आणायचा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच गेलो. तेव्हा उन्हाळ कांदा निघालेला नसतो, शेतात असतो. मार्केटला असतो तो रांगडा, दिसायला लालभडक पण टिकायला नाही. ज्याच्याकडून घेतला त्या शेतकऱ्याने मला तोंडावर सांगितलं, "भाऊ, रांगडा हाय. महिन्या-दीड महिन्यात खाऊन टाका. साठवायचा नाय." मी हो म्हणालो, टेम्पो भरला आणि सोसायटीत सांगितलं, यंदा लवकर निघालाय उन्हाळ.

नाशिकमध्ये राहून ही थाप मारली. आणि लोकांनी ऐकून घेतली, कारण कांद्यात मी चुकत नाही.

मे महिन्यात चाळीत हिरवे कोंब उभे राहिले. मग वास सुटला. पार्किंगमधून लोक नाकाला रुमाल लावून जायला लागले. सर रोज सकाळी खाली बसून झाडूवाल्या संगीताताईंबरोबर सडका कांदा वेगळा काढायचे. मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. सर म्हणाले, "यंदाची हवाच खराब होती. आहेर भाऊ काय करणार?"

शेजारच्या तिन्ही सोसायट्यांचा कांदा खणखणीत होता. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खरं बोलतो तेव्हा लोक फाइल मागतात, आणि हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला तर कुणी एक प्रश्न विचारला नाही. त्या दिवशी मी जितका जळलो तितका कधी जळलो नाही.

*

त्यानंतर माझ्या दाराची बेल वाजायची थांबली. कुणी ठरवून केलं नसेल. लोक लिफ्टमधून बाहेर यायचे आणि पाय आपोआप डावीकडे वळायचे. मी आत पेपर घेऊन बसलेला असायचो आणि समोरची बेल ऐकायचो. सर, पाणी आलं नाही. सर, आमच्या जागेवर कुणीतरी गाडी लावलीय. एकदा सर घरी नव्हते तर एक बाई पाच मिनिटं त्यांच्या दाराशी थांबल्या आणि परत गेल्या. मी आयहोलमधून बघत होतो.

मग या वर्षीची सर्वसाधारण सभा आली, खाली पार्किंगमध्ये, आणि यंदा कुणीच गावाला गेलं नव्हतं. सेक्रेटरी निवडायचा होता. दरवर्षी आमचे चेअरमन कुलकर्णी काका विचारायचे, आहेरच ना? आणि विषय संपायचा. यंदा मागून आवाज आला, सरांचं नाव घ्या. सर उभे राहून नको नको म्हणाले, तीनदा म्हणाले, पण ऐकतंय कोण. मला वाटलं, आता हेही गेलं. बेल तर गेलीच होती, निदान बोर्डावरचं नाव होतं.

मी म्हणालो, मतदान घ्या. चिठ्ठ्या टाका. आमचा फ्लॅट मंगलच्या नावावर आहे, त्यामुळे मत तिचं. ती ओढणीआड धरून चिठ्ठी लिहीत होती. मी जरा वाकलो तर म्हणाली, मतदान गुप्त राहील असं नोटिशीत तुम्हीच लिहिलंय.

काकांनी मोजलं. बारा-बारा.

पार्किंगमध्ये सगळे हसायला लागले. मी नाही हसलो. काका म्हणाले, आता ईश्वरचिठ्ठी. दोन नावं लिहायची, भांड्यात टाकायची, एक उचलायची. उचलणार कोण, तर ज्याचा फ्लॅट नाही तो. म्हणून संगीताताईंना बोलावलं. सरांच्या घरून एक पातेलं आलं, आणि पेनही त्यांच्याच खिशाला होतं, म्हणून लिहायला तेच बसले. म्हणाले, "आधी तुमचं. तुम्ही सीनियर." माझ्यासमोर आहेर लिहिलं, घडी घातली आणि पातेल्यात टाकायला माझ्या हातात दिली.

आणि मी ते केलं. पातेल्यात टाकण्याआधी नखाने त्या चिठ्ठीचा कोपरा दुमडला. सर दुसरी लिहीत होते. ती तशीच सरळ घडीची पातेल्यात पडली. संगीताताईंना खुर्च्यांमधून वाट करून देताना मी हळूच सांगितलं की कोपरा दुमडलेली उचला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "साहेब, हाताला जी येईल ती येईल," म्हणाल्या.

पातेल्यात हात घातला. मला दिसत होतं, दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी बोटांनी चाचपल्या. नीट चाचपल्या. आणि सरळ घडीची उचलली.

अकरा वर्षं संपली, असं वाटून मी खाली बघितलं. काकांनी चिठ्ठी उघडली, चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, "आहेर."

टाळ्या वाजल्या. मंगलने पण वाजवल्या. संगीताताई माझ्याकडे बघतच राहिल्या, मी त्यांच्याकडे. लोक वर गेले, काका गेले. मी पातेल्याशी उभा राहिलो आणि कुणी बघत नाही असं पाहून कोपरा दुमडलेली चिठ्ठी उघडली.

आहेर.

सर पाठमोरे उभे राहून खुर्च्या मिटत होते. वळले नाहीत. म्हणाले, "अभिनंदन, सेक्रेटरी. पातेलं आमचं आहे, रिकामं झालं की द्या."