सातव्या दारामागं काय होतं

ज्या पुस्तकानं मला वाचनाचं वेड लावलं, त्याचं नाव मला आजही माहीत नाही. ते आमच्या घरी आलं तेव्हाच त्याला ना पुढचं कव्हर होतं ना मागचं. कराडच्या मामांनी घर बदललं तेव्हा अडगळीतल्या पुस्तकांचा एक गठ्ठा आमच्या गावी पाठवून दिला होता. निरोप एवढाच की, पोरगी वाचते म्हणे, तिला द्या. त्यात जुनी पंचांगं निघाली, उसावरच्या रोगांची एक पुस्तिका निघाली आणि तळाशी हे. मी तेव्हा सहावीत होते आणि छापलेलं काहीही दिसलं की वाचायची, अगदी उसाच्या रोगांसकट.

गोष्ट होती एका माळ्याच्या मुलीची. तिनं शीळ घातली की बंद असलेलं काहीही उघडायचं. कळ्या उघडायच्या, कुलपं उघडायची, चिडलेल्या माणसाची आवळलेली मूठसुद्धा उघडायची. राजपुत्राला एका राक्षसानं सात दारांच्या किल्ल्यात कोंडलेलं असतं आणि ही पोरगी एकटी त्याला सोडवायला निघते. मी तोवर ऐकलेल्या गोष्टींत राजकन्या आपली झोपलेली तरी असायची नाही तर रडत तरी असायची, आणि घोड्यावरून येणारा तो असायचा. इथं सगळंच उलट. राजपुत्र आत बसलेला आणि बाई रस्त्यावर! मला त्याचं इतकं नवल वाटलं की पहिली पानं वाचून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आपलं काही चुकलं तर नाही ना म्हणून.

दिवाळी नुकतीच झाली होती. भुईमुगाच्या शेंगा घरात येऊन पडल्या होत्या आणि दुपारी आमच्या सोप्यात बायका शेंगा फोडायला बसत. आई, माझी काकी आणि शेजारच्या आत्याबाई. काकी म्हणजे धाकट्या काकांची बायको. काका फौजेत होते. आमच्या गावात दोन घरं सोडून एक माणूस फौजेत असायचाच, त्यामुळं त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. काकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातले काकांच्या रजेचे दिवस सोडले तर बाकी सगळी वर्षं तिनं आमच्यातच काढली होती. तिला अक्षरओळख नव्हती. काकांची पत्रं मीच वाचून दाखवायची, त्यामुळं माझं वाचन ही तिच्या लेखी मोठी गोष्ट होती.

"मनातल्या मनात काय वाचतीस? आमच्या कानावर बी पडू दे की," ती म्हणाली.

मी मोठ्यानं वाचायला लागले. तर काकीनं काय करावं? फोडलेल्या शेंगांतले चार दाणे उचलले, मुठीत धरले आणि मांडी घालून ताठ बसली. आमच्याकडं व्रताची कहाणी ऐकताना हातात तांदळाचे दाणे धरायचे असतात. कहाणी पुरी झाली की ते देवापुढं ठेवायचे. आणि एकदा ऐकायला घेतलेली कहाणी अर्धी सोडून उठायचं नाही, त्यानं घरधन्याला वाईट असतं.

"अगं, ही देवाची कहाणी न्हवं. पोरासोरांची गोष्ट हाय," आई म्हणाली.

"चांगल्या बाईची हाय न्हवं? मग कहाणीच ती," काकी म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून आमच्या सोप्यात जादूच्या कादंबरीचं व्रत सुरू झालं. रोजचं वाचन संपलं की काकी ते दाणे पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची आणि दुसऱ्या दुपारी गाठ सोडून पुन्हा मुठीत घ्यायची. गोष्ट पुरी होईपर्यंत दाणे तेच. लुगडं बदललं की गाठही बदलायची.

आत्याबाईंना मात्र प्रश्नच फार. त्या सात दारांच्या किल्ल्यात स्वयंपाक कोण करतं? राक्षसाला बायको आहे का? असली तर ती काही बोलत कशी नाही? पुस्तकात याची उत्तरं नव्हती आणि तोवर ती नाहीत हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून मला खोड लागली. कुठलीही जादूची गोष्ट वाचताना मी आधी तिथली चूल शोधते.

आणि शीळ! पोरीच्या जातीनं शीळ घातली की घरात साप येतो असं आमच्याकडं सांगत. मी गोठ्यामागं जाऊन, जमिनीवर नीट नजर ठेवून, शीळ घालून पाहिली. तोंडातून नुसती हवा आली. साप नाही आला आणि गोठ्याची कडीही उघडली नाही. एक दिवस मागं वळून बघते तर काकी उभी. मला वाटलं आता रट्टा बसणार. ती इकडंतिकडं बघून म्हणाली, "जीभ कुठं ठिवायची असती गं?" मग आम्ही दोघी गोठ्यामागं उभ्या राहून हवा सोडत बसायचो.

पाच दारं उघडून झाली तेव्हा लढाई लागली. चावडीवरच्या रेडिओभोवती गर्दी व्हायला लागली आणि काकांची पत्रं थांबली. सोप्यातलं बोलणं कमी झालं, पण काकी म्हणायची, वाच. सहावं दार उघडलं. माळ्याची मुलगी सातव्या दारापुढं उभी राहिली, तिनं ओठ ओले केले, आणि मी पान उलटलं तर पुढं पानच नव्हतं. दोऱ्याचं टोक तेवढं लोंबत होतं.

मागचं कव्हर नाही म्हणजे मागची पानंही गेलेली असू शकतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "आता काय, दार उघडलं असंल अन् लगीन झालं असंल." आईनंही मान हलवली.  काकीनं मूठ उघडून दाण्यांकडं पाहिलं आणि पदराला गाठ मारली. कहाणी अर्धी राहिली होती, आणि तिचा घरधनी लढाईवर होता.

लढाई थोड्या दिवसांत संपली. गावात साखर वाटली. इतरांची पत्रं यायला लागली, एक तार आली आणि वरच्या आळीत रडणं उठलं. काकांचं काहीच येईना. काकी पहिल्यासारखीच भाकऱ्या थापायची, धारा काढायची, पण वाकली की पदराची ती गाठ पुढं लोंबायची. मी लहान होते, पण तिला काय वाटतंय ते मला कळत होतं. आणि खरं सांगायचं तर काकीची काळजी एका बाजूला आणि सातव्या दारामागं काय आहे ही हुरहुर दुसऱ्या बाजूला, दोन्हींनी मला सारखंच छळलं.

दादा म्हणजे माझे वडील. ते गुळाची गाडी घेऊन कराडला निघाले तेव्हा मी हट्ट करून गाडीत बसले. दादा अडत्याकडं गेले आणि मला त्यांनी वाचनालयाच्या दारात सोडलं. आत सगळे पुरुष. वर्तमानपत्रं वाचत बसलेले. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, "काय पाहिजे बाळ? पुस्तकाचं नाव?"

"नाव न्हाई ठावं. त्यातली पोरगी शीळ घालती अन् कुलपं उघडत्यात."

वर्तमानपत्रांवरून दोन-चार डोकी वर आली. गृहस्थांनी हसू दाबलं, आतल्या कपाटाशी बराच वेळ खुडबुड केली आणि काळ्या कापडी बांधणीचं एक पुस्तक आणून पुढ्यात ठेवलं. "वर्गणी नाही, तेव्हा घरी मिळणार नाही. इथंच बसून वाच."

मी थेट शेवट काढला. पहिल्या पानावर नाव असणार, ते बघायचं राहूनच गेलं.

सातवं दार उघडलं. आत राजपुत्र होता, पण दगडाचा. त्या मुलीनं शीळ घातली. दगड काही उघडेना. ओठ फुटेपर्यंत तिनं शीळ घातली. मग ती त्याच्या पायाशी बसली, आणि मग उठली. येताना मधल्या दारांआड तिनं आणखी माणसं कोंडलेली पाहिली होती. त्यांना बाहेर काढलं, घरी आणलं, आणि बापाची सुकलेली बाग तिनं पुन्हा उभी केली.

मी ते पुन्हा वाचलं. शेवट असा असू शकतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला त्या पुस्तकाचा राग आला आणि त्याच वेळी ते हातातून खाली ठेववेना. गाडीत परतताना डोक्यात एकच. हे काकीला सांगायचं कसं?

दुसऱ्या दुपारी मी ठरवूनच बसले. काकीनं गाठ सोडून दाणे मुठीत घेतले. मी सांगितलं, दार उघडलं, राजपुत्र हसत बाहेर आला, हत्तीवरून साखर वाटली.

काकी माझ्याकडं बघत राहिली. "एवढं गोड पुस्तकात असतंय व्हय गं? तुझं कान लाल झाल्यात. खरं सांग."

मी आईकडं पाहिलं. आईनं मान खाली घातली. मग मी खरं ते सांगितलं.  शेंगा फुटायच्या थांबल्या. 

काकीनं विचारलं, "ती बसली, मग उठली?"

"व्हय."

"तिचं तिनं? कुणी उठवायला न्हवतं?"

"न्हवतं."

"अन् बाग केली."

"केली."

"मग झाली की कहाणी पुरी," काकी म्हणाली. देवापुढं ठेवायचे ते दाणे तिनं आम्हा चौघींत वाटले. दाणा खवट झाला होता, पण मी चावून गिळला. काकीही सावकाश चावत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्या दिवसानंतर ती रात्रीची जेवायला लागली. तोवर ती जेवत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

पुढं आयुष्यभर मी अशाच मुलींच्या मागं हिंडले. मराठीतल्या, इंग्रजीतल्या, आता नातीच्या कपाटातल्या जाडजूड पुस्तकांतल्या. आगीशी बोलणाऱ्या, वारा बांधणाऱ्या, जुन्या परीकथा उलट्या करून सांगणाऱ्या. नात विचारते, या वयात हे काय वाचतेस? मी म्हणते, पुढं काय होतं ते बघते.

आणि पुढं झालं ते असं. ते दाणे खाल्ले त्यानंतर चारेक दिवसांनी, भरदुपारी, काकी न्हाऊन केस विंचरायला आत बसली होती, दाराला आतून कडी होती. मी अंगणात होते. पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतलेला एक दाढी वाढलेला माणूस आत आला आणि मला ओळखायला वेळ लागला. काका! त्यांचं पत्र त्यांच्या मागून आठवड्यानं आलं, ते सोडा. त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि दारावर थाप मारली.

"अगं, दार उघड."

आत काहीच हालचाल नाही. काकांनी पुन्हा थाप मारली. तेव्हा आतून, रडण्यातून कसाबसा वाट काढत आलेला काकीचा आवाज ऐकू आला.

"शीळ घाला."

चारचौघांत नवऱ्याशी मान वर करून न बोललेली माझी काकी! काकांनी गोंधळून माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणती ही?"

"शीळ घाला म्हणती, काका. त्याबिगार दार उघडत न्हाई."

लढाईवरून आलेल्या त्या माणसानं ओठांचा चंबू केला.  नुसती हवा आली.

आत कडी निघाली.