दोन आळ्या, एक वॉल्व्ह

पाणीपुरवठ्याच्या नोकरीत टाकी भरो न भरो, किस्से मात्र काठोकाठ भरतात! मी भोर तालुक्यात शाखा अभियंता. कापूरहोळच्या पलीकडच्या एका वाडीची नळयोजना आणि पाणी बचतीचा आराखडा माझ्या गळ्यात पडला. तिथं कुणाचा कुणावर विश्वास नाही. महिन्याभरात माझाही राहिला नाही.

*

पहिल्याच दिवशी पाइपलाइनसाठी टेप लावला, तर एका आजोबांनी येऊन त्याचं टोकच पकडलं. धरणात गाव गेल्यावर ते इथं येऊन राहिलेले.

"आमचं गाव बी आदी टेपनंच मोजलं हुतं. ह्ये टोक म्या धरणार!"

समजावून दमलो. दिवसभर उन्हातान्हात त्यांनीच टोक धरलं, चहालासुद्धा सोडलं नाही. आमचा एक मजूर वाचला!

*

मग सर्व्हे, घरटी पाणी किती लागतं याचा. जास्त सांगितलं की बिल वाढणार, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. सात माणसांचं घर, तरी "चार हंडे लिवा!"

मी म्हटलं, "याच आकड्यावर तुमचं पाणी ठरणार आहे."

"थांबा थांबा, चाळीस लिवा! आन दोन म्हशी बी लिवा!"

गोठा नसलेल्यांनीही म्हशी लिहून घेतल्या. माझ्या आराखड्यात वाडीत माणसांपेक्षा म्हशी जास्त झाल्या.

*

पाणी सुरू झालं. सकाळी वरच्या आळीला एक तास, मग खालच्या आळीला एक तास. वॉल्व्ह सोडायचे सलीमभाई. वाडीतलेच, पन्नाशीचे, कमी बोलणारे. ते दुसऱ्या आळीला वॉल्व्हचं चाक जास्त आटे फिरवतात, अशी दोन्ही आळ्यांची खात्री! म्हणून रोज दोन्हीकडचा एकेक साक्षीदार शेजारी उभा राहून मोठ्यानं आटे मोजायचा.

"अठरा झालं!"

"सतराच झालं, अठरा न्हाई!"

सलीमभाई मुकाट्यानं वॉल्व्ह बंद करून पुन्हा पहिल्यापासून सोडायचे. यात पंधरा मिनिटं वाया जायची. त्याचा ठपकाही त्यांच्यावरच.

*

मधेच कुणी वॉल्व्ह उघडतं का, हे कळावं म्हणून मी गुपचूप त्याच्या चाकावर रंगाचा ठिपका द्यायला गेलो. चेंबरचं झाकण उचललं, तर आत आधीच एक नेलपॉलिशचा ठिपका आणि एक चुन्याचा!

तिसरा मी दिला.

*

शेवटी अर्ज आला. दोन्ही आळ्यांच्या सह्या, आयुष्यात पहिल्यांदा एकाच कागदावर! "सलीमभाई घरी चोरून पाणी घेतात, त्यांना काढा." माझी सही झाली की त्यांची नोकरी गेली. खरं सांगतो, संशय मलाही होताच. न कळवता त्यांच्या घरी जाऊन थडकलो. भाभी विहिरीवरून हंडा घेऊन येत होत्या.

"भाभी, नळ कुठाय तुमचा?"

"घेतलाच न्हाई. वॉल्व्ह यांच्या हातात हाय नव्हं? उगा कुणाला संशय नगं."

मी पार वरमलो. त्यांच्या हंड्यातलं पाणी प्यायलो, अर्ज खिशातच ठेवला. तरी निघताना, कुठं चोरून जोडलेला पाइप दिसतोय का म्हणून घराला एक चक्कर मारलीच! भिंतीशी वाकून बघतोय, तर मागून सलीमभाईंचा आवाज आला.

"सायेब, डावीकडनं जावा. उजवीकडं काल दोन्ही आळ्यांनी खणून ठिवलंय, पाय अडकंल."