खिडकीचा कॅमेरा

सुमनआत्या गेल्याचा फोन हैदराबादला ऑफिसात आला, तेव्हा पहिला विचार आला तो असा, की आता मला प्रश्न कोण विचारणार... वसमतच्या बसस्टँडमागे तिचा छोटा फोटो स्टुडिओ होता. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि ती मी त्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत राहून मिळवली. माझं पाठांतर ऐकताना ती मध्येच विचारायची, "पण हे असं काहून होतं?" उत्तर आलं नाही की मला पुस्तक पुन्हा उघडावं लागे.

तिच्याकडे एक जुना रशियन कॅमेरा होता. त्यात लेन्समधून नव्हे, वरच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून बघायचं. तिथे माणसाच्या दोन प्रतिमा दिसत. लेन्स फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोटो स्पष्ट. कॅमेरा डोळ्याला लावला तरी आत्याचा अर्धा चेहरा उघडा राही. बारशाला जमलेल्या बायका त्या उघड्या डोळ्याशी बोलत राहायच्या आणि फोटो निघून जायचा. पुढे रोल मिळेनासे झाले. नव्या मोठ्या कॅमेऱ्यामागे तिचा सगळा चेहरा झाकला जाई, बायका ताठ होत. तशाच खिडकीचा डिजिटल कॅमेरा निघाल्याचं मला कळलं. फार महाग होता, पण तो आत्याला आपणच घेऊन द्यायचा असं मी ठरवलं.

हैदराबादच्या दुकानात तिनं तो हातात घेतला आणि तिथं काम करणाऱ्या मुलीवर रोखला. पहिला फोटो काळा आला. लेन्सचं झाकण तसंच होतं. खिडकीतून ते कळत नाही. आत्या हसली. "वसमतात अख्खं बारसं असंच काळं गेलतं मह्या हातून. हितं लगेच कळलं, हे बराबर." दुसरा फोटो सुरेख आला. पण मागच्या पडद्यावर तो बघून मुलगी लाजली, "आंटी, मिटा देव ना," म्हणाली. आत्यानं बटण विचारून फोटो पुसला. मग दुकानदाराला विचारलं, हाच, पण बिनपडद्याचा आहे का. तसा त्याच्याकडे नव्हता.

परतताना मी विचारलं, घ्यायचा ना?

"चीज घेण्याजोगी हाय गं. पण बाईला तिचं तोंड लगेच दाखवलं की ती पुसा म्हणते. रोल धुऊन येईस्तोवर लाज इसरते, अन् मंग फोटो जपून नेते."

पडदा झाकून ठेव, मी म्हटलं.

"झाकायचाच, तर एवढा महाग काहून?"

तिनं साधा, कोपऱ्यात खिडकी असलेला छोटा कॅमेरा घेतला आणि पडद्यावर काळा कागद चिकटवला. खिडकीतून दिसतं तेवढंच लेन्समध्ये येत नसल्यानं त्यात कधी कुणाचा अंबाडा कापला जाई. दोन प्रतिमा जुळवायची मजा गेली, हेही ती बोलून दाखवी.

आत्या गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी शेजारच्या कौसल्याबाई दबकत विचारायला आल्या, आत्यानं काढलेला त्यांचा फोटो निघाला का. कॅमेऱ्यातलं कार्ड नांदेडला नेऊन मी तो छापून आणला. एरवी तोंडाला पदर लावणारी ही बाई त्यात मोकळी हसत होती. मी तो त्यांच्या हातात दिला.

"दात दिसून राहिले माहे," म्हणाल्या, आणि फोटो पदराखाली धरून उठल्या.

कॅमेरा आता माझ्या टेबलावर असतो. परवा त्या काळ्या कागदाची एक कड सुटलेली दिसली. मी ती पुन्हा चिकटवली...