परदेशात लागलेलं सुरेखाचं नेट

आधीच सांगून ठेवतो, हे वाचून मला 'दादा, काळजी घ्या' असे मेसेज पाठवू नका. मी रडत नाहीये. मी चिडलोय, आणि अजून चिडलेलाच आहे.

नांदेड जिल्ह्यात मुदखेडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि तांब्याची तार नव्याने भरायची, हे माझं काम. ज्याला टेस्टर लावता येत नाही ते मी मानत नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी शटर ओढून जेवायला जायचो. तरी हे माझ्यासोबत घडलं... तेही भरदिवसा, चारचौघांत.

माझी मुलगी ऋतुजा दोन वर्षं लातूरला नीटच्या क्लासला होती. तिथे क्लासच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये कितीतरी आया खोली करून राहतात. नवरा गावाकडे, आणि ही पोरांसाठी पोळ्या लाटत लातूरला. माझी बायको सुरेखाही तशीच राहिली. उमरीचा बालाजी माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याचा सुमितही त्याच क्लासला होता. त्याला मेसचं जेवण सोसेना, म्हणून सुरेखा त्याचाही डबा करायची.

मी रविवारी जायचो. माझा रिचार्ज कायम संपलेला, त्यामुळे तिच्या हॉटस्पॉटवर मॅच बघत लोळायचो. तिने वैतागून एके दिवशी हॉटस्पॉटचं नावच बदललं – 'फुकट्यांनी लांब राहावे', इंग्रजी अक्षरांत. पोरं पोट धरून हसली. पासवर्ड मात्र तिने मला दिला, तो माझ्या फोनमध्ये सेव्ह झाला.

मग तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला आणि अर्ध्या दिवसात ती गेली. तिचं सिम केव्हाच बंद पडलं. तिचा फोन माझ्या घरी कपाटात आहे. बॅटरी फुगली होती, ती मीच झाकण उघडून काढली आणि फेकून दिली. आता त्या फोनमध्ये बॅटरीच नाही. पुढचं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

ऋतुजा आणि सुमित दोघांनाही मार्क कमी पडले. मग लातूरच्याच एका कन्सल्टन्सीवाल्या 'सरां'नी मध्य आशियातल्या एका देशात एमबीबीएसचं जमवून दिलं. देशाचं नाव लिहीत नाही, तिथली बाकीची कॉलेजं चांगली असतील. पोरांना सोडायला आम्ही पालकही निघालो. निघताना मी रोमिंगचं विचारलं, तर सर म्हणाले, "कशाला? विमानातून उतरल्या उतरल्या प्रत्येकाच्या हातात तिथलं सिम ठेवतो की!"

उतरल्या उतरल्या आमच्यासोबत आलेल्या त्याच माणसाने आमचे पासपोर्ट गोळा केले. रजिस्ट्रेशनसाठी म्हणे! आणि तिथे पासपोर्ट दाखवल्याशिवाय सिम मिळत नाही. दुकानांतलं फुकट वायफाय लावावं, तर त्याचा कोड तिथल्याच नंबरवर येतो. होस्टेलचं वायफाय बिघडलेलं. सिम कधी, विचारलं की उद्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी उद्याच. बरं, भाषा येत नाही, रस्त्यावरच्या माणसाला फोन मागायचा तर हातवारे करून काय सांगणार? एवढी माणसं, प्रत्येकाच्या खिशात महागडा फोन, आणि घड्याळ बघण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

कॉलेज पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. अर्धवट बांधलेली इमारत, दवाखाना नाही, एक पेशंट दिसेना. ऋतुजाने पाटी वाचली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, हे नावच वेगळंय. आपल्याला सांगितलेलं कॉलेज हे न्हाई."

"नवीन कॅम्पस आहे," सर म्हणाले. "उद्या सकाळी सह्या करून टाका. मग पासपोर्ट, सिम, सगळं हातात."

खऱ्या कॉलेजात उदगीरची अश्विनी शिकत होती, ऋतुजाची क्लासमधली सीनियर. तिला एक फोन लागला असता तरी खरं-खोटं कळलं असतं. नाही लागला, तर पोरीची सहा वर्षं मातीत. आता तुम्हीच सांगा, सिम उगाच उशिरा मिळत होतं का? मला त्याच रात्री कळलं की हा माणूस आम्हाला मुद्दाम आंधळं करून ठेवतोय. बालाजीला म्हणालो, तर तो म्हणाला, "तू लई संशय घेऊन राहिला, दत्ता. एवढे लोक यडे हायेत का?"

सकाळी सगळे सहीच्या रांगेत उभे. मी ऋतुजाला घेऊन बाजूच्या बाकावर बसलो होतो. सही करायची नाही एवढं ठरवलेलं, पण पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजायला लागला. टिंग, टिंग, टिंग... दोन दिवसांचे मेसेज एकदम येऊन पडत होते. मला वाटलं, होस्टेलचं वायफाय सुरू झालं असेल.

ऋतुजाने फोन हातात घेतला, काहीतरी दाबलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. वायफायच्या जागी लिहिलं होतं – फुकट्यांनी लांब राहावे.

लोक म्हणतात अशा वेळी अंगावर काटा येतो. मला आला नाही. मला आधी राग आला, की ही थट्टा करतंय कोण? मी उठून आजूबाजूला पाहिलं. रांगेतले आमचेच लोक, सगळ्यांचे फोन मुके.

"पप्पा, नंतर बघा," ऋतुजा म्हणाली. आणि तिने अश्विनीला व्हिडिओ कॉल लावला. लागला! खोलीत बसून बोलावं इतका स्वच्छ. ऋतुजाने तिला इमारत दाखवली.

"ऋतू, सही करू नको बाई," अश्विनी ओरडलीच. "ते आमचं कॉलेज न्हाईच हाय. मागच्या बॅचचे पोरं तिथं रडून राहिलेत. एम्बसीनं नोटीस काढलीय, थांब, पाठवते."

नोटीस आली, तिच्यात पाटीवरचंच नाव होतं. मी धावत जाऊन बालाजीला रांगेतून ओढलं आणि फोन त्याच्या नाकासमोर धरला. सर लगेच मध्ये आले. म्हणे, असल्या खोट्या नोटिसा फिरतच असतात, दुसऱ्या एजंटांचे धंदे आहेत.

बालाजी थबकला होता. नुसता थबकला नव्हता, पेन खिशात ठेवलं होतं त्याने. मग त्याने विचारलं, "पण तुला नेट कुठून आलं? कोणाचं हाय?"

आणि मी खरं सांगितलं. म्हणालो, "सुरेखाचं."

त्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याने स्वतःचा फोन काढून वायफाय शोधलं. तिथे काहीच नव्हतं. माझा फोन बघतो, तर तोवर त्यावरूनही गेलेलं. मी त्या फोनवर अक्षरशः ओरडलो, "अगं थांब ना! बालाजीला तर दिसू दे!" आजूबाजूचे लोक सरकले. बालाजीने माझ्या खांद्यावर हात ठेवला, एखाद्या आजारी माणसाला समजवावं तसा. "दत्ता, तू जरा बस. पाणी पी." मग तो रांगेत गेला आणि त्याने सही केली.

मी सरांच्या गाडीपुढे आडवा बसलो. पोलीस बोलवा, एम्बसी बोलवा, इथून हलणार नाही, म्हटलं. दुपारी आमचे दोन पासपोर्ट अंगावर फेकल्यासारखे मिळाले आणि आम्ही परत आलो. ऋतुजा आता नांदेडला फार्मसी करतेय.

माझा भाचा कॉम्प्युटरवाला आहे. तो म्हणाला, जुनं सेव्ह केलेलं नाव नुसतं दिसलं असेल. अरे, नाव दिसेल! त्यावरून कॉल कसा लागेल? अश्विनीच्या फोनमध्ये तो कॉल आहे, मी तिला विचारलंय. घरी आल्यावर कपाट उघडलं तर सुरेखाचा फोन जिथल्या तिथे, रिकामा. असल्या फोनला मी टेस्टर कुठे लावणार?

सुमित तिथे एक वर्ष काढून परत आला. त्या वर्षाला इथे कुणी विचारत नाही. आता तो उमरीला बापाच्या किराणा दुकानात बसतो, कुणाशी धड बोलत नाही. मध्यंतरी बालाजी माझ्या दुकानात आला. मला वाटलं, तो त्या सरांना शिव्या देईल. त्याने दिल्या नाहीत.

"दत्ता, आता मी मानतो," तो म्हणाला. "वहिनीच होत्या. पण मग मला एक सांग. दोन वर्षं वहिनीनं माझ्या पोराला जेवू घातलं. ऋतुजाच्या आधी त्याचा डबा भरायच्या, तो सांगतो मला. मी तुझ्या शेजारी उभा होतो. मग माझ्या फोनवर कामून न्हाई आलं?"

तो रागाने निघून गेला, आणि तो गेल्यावर मला सुरेखाचाच असा राग आला की हातातला पाना भिंतीवर फेकला.

तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल, तर मला सांगू नका. उमरीला जाऊन बालाजीला सांगा, आणि जमलं तर सुमितसमोर सांगा.